भोंगा वाजायच्या आधीची वीस मिनिटं

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा. ही बातमी पेपरात आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं, मीही केलं. पण तेहेतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळांत खडू झिजवलेल्या बाईला कौतुक करून झाल्यावर पुढचा प्रश्न पडतोच. भोंगा वाजला, टीव्ही बंद झाला, पोरगं वही उघडून बसलं. आता ते लिहिणार काय?

माझ्या अनुभवानं सांगते, बहुतेक पोरं उतरवून काढतात. धड्याखालचे प्रश्न पुस्तकातून, उत्तरं गाईडमधून, निबंध ताईच्या जुन्या वहीतून. तास-दीड तास पेन चालतं, पानं भरतात, आईबापाचं समाधान होतं. त्यात पोराचं स्वतःचं एक वाक्य सापडेलच असं नाही. याचं खापर मी टीव्हीवर फोडणार नाही. घरात टीव्ही नव्हते तेव्हाही हेच चाललं होतं. माझं म्हणणं जरा उलटंच आहे. ज्या टीव्हीला आपण अभ्यासाचा वैरी ठरवून भोंग्यानं गप्प करतो, तोच पोरांना लिहितं करू शकेल. आपण त्याला गोष्टी सांगायला लावल्या, पाढे म्हणायला लावले, धडे शिकवायला लावले. हे एक काम त्याच्याकडं मागितलंच नाही. मराठीत मुलांना लिहायला लावणारा कार्यक्रम मला तरी उभ्या नोकरीत एक भेटला नाही.

एकूणच आपल्याकडं वाचनाचे लाड फार. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. छान झालं, मी दोनदा पोरं घेऊन गेले. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. पोरांना वाचता-गणता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीची माणसं गावात येतात, पोरांना परिच्छेद वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात आणि मग पेपरात मथळा येतो की पाचवीच्या पोरांना दुसरीचं वाचता येईना. चार ओळी स्वतःच्या मनानं लिहिता येतात का, याचा मथळा काही मी पाहिलेला नाही. आमच्याकडं स्कॉलरशिपच्या परीक्षेचं वेड. जादा तास, सराव पेपर, निकाल लागला की चौकात फ्लेक्स. ती परीक्षा सगळी गोल काळे करायची. म्हणजे हुशार पोरगं वर्षानुवर्षं गोल रंगवत येतं आणि दहावीला मराठीच्या पेपरात त्याच्यापुढं ८० पैकी २४ गुणांचं उपयोजित लेखन येऊन पडतं: पत्र लिही, बातमी लिही, कथा पुरी कर, निबंध लिही. सरकारच्याही हे ध्यानात आलं असावं. २०२३ साली पाठ्यपुस्तकांतच 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं घातली. आमच्या वर्गात त्या पानांची विमानं झाली, त्यांवर फुल्ली-गोळ्याचे डाव रंगले, एकानं दुधाचा हिशोब लिहिला (तो मला आवडला होता, खाडाखोडीसकट). पुढं ती पानं काढून टाकायचं ठरलं. पोरांचं अडत होतं ते पानावाचून नव्हे. कोरं पान तर त्यांना भरपूर दिसतं, त्याचीच त्यांना धडकी भरते.

टीव्हीकडं येते. आमच्या पिढीच्या शिक्षकांना बालचित्रवाणी आठवते. १९८४ साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था २०१७ साली बंद झाली. तिच्या कार्यक्रमांबद्दल अधिकारानं बोलायची माझी सोय नाही, कारण माझ्या पहिल्या शाळेत आलेला टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटामागं गुंडाळून ठेवलेला असे. पोरं हात लावतील, बिघडेल, जबाबदारी कोणाची? वर्षातून एकदा तो निघायचा, केंद्रप्रमुख यायचे त्या दिवशी. आणि हो, क्रिकेटचा सामना असला तर.

मग एकदम २०२०. शाळा बंद. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. ते चांगलं होतं हे आधी नोंदवते: फळ्यापुढं उभा मास्तर त्यात नव्हता, घरातली माणसं आणि घरातल्या वस्तू घेऊन शिकणं चाललं होतं. त्याच वर्षी केंद्रानं 'एक इयत्ता, एक वाहिनी' अशी योजना आणली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात १२ वाहिन्यांच्या २०० करायचं जाहीर केलं. वाहिन्या दोनशे होवोत की दोन हजार, त्यांनी समजावून सांगणं वाढेल. गणिताला, विज्ञानाला त्याचा उपयोगही आहे. लिहिणं समजावून सांगितल्यानं येत नाही. पोहायला शिकवणारा काठावरून कितीही चांगलं बोलला तरी पोराला विहिरीत उडी मारावीच लागते, आणि टीव्ही बोलायचा थांबत नाही तोवर पोरगं काठावरच.

ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी खटाव तालुक्यातल्या एका वाडीत मी आठवड्यातून तीनदा जायचे. एका घराच्या सोप्यात चार घरची सहा पोरं पडद्यापुढं बसायची. पडदा कधी टीव्हीचा, कधी कुणाच्या चुलत्याच्या मोबाईलचा. मी पोरांकडं बघायचे. गोष्ट चालू असली की चिडीचूप. 'चला, आता तुम्ही लिहा बरं!' असं आतून कुणी म्हटलं की पेन्सिलींची शोधाशोध. कुणाचं टोक तुटलेलं, कुणाची वही भावानं नेलेली, आणि तेवढ्यात आतला माणूस 'शाब्बास! झालं ना लिहून?' म्हणत पुढं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, आठ सेकंद. दुसरीतल्या पोराला आपलं अख्खं नाव लिहायलाही ते पुरत नाहीत. पंधरा दिवसांत पोरांनी वह्या आणायचंच सोडलं. शाब्बास तर तसंही मिळत होतं.

त्यातल्या एका पोरीचं लिहिणं अगदी शेजारी बसून बघितलं. मोबाईलवर अक्षरं गिरवायचा रंगीत व्हिडिओ होता, वर गाणं. त्यात 'कमळ' लिहिताना आधी आडवी रेघ यायची, मग तिला क लटकायचा, मग दुसरी रेघ, तिला म. पोरगी हुबेहूब तसंच करायची. आधी तीन खुंट्या ठोकायच्या, मग एकेकीला अक्षर अडकवायचं. वहीत शब्द नसायचाच. क, म आणि ळ शेजारी-शेजारी टांगलेले, मधून वारा जाईल इतक्या फटी. आपल्याकडं अक्षरं आधी आणि शब्द पुरा झाला की वरून एका दमात शिरोरेषा, हे पाटीवर हात धरून शिकवतात. ती रेघ ओढताना पोराला कळतं की आता शब्द झाला, आता पेन्सिल उचलायची. व्हिडिओ करणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसणार. पोरीची सवय मोडायला मला दोन महिने लागले. ल आणि श चं वेगळंच. २०२२ च्या शासन निर्णयानं पाकळीचा ल आणि देठाचा श परत आणले. आम्ही फळ्यावर तसे काढतो, पडद्यावर पुष्कळदा दुसऱ्याच वळणाचे येतात, आणि पहिलीतलं पोरगं मलाच विचारतं, "मॅडम, तुमचा ल चुकलाय?"

पण वळण ही त्यातली सोपी बाजू, ते सुधारतं. मनातलं पानावर आणायचं अवघड, आणि तिथं पडद्यानं आमच्यापेक्षा मोठं दुकान थाटलंय. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर चौथीला मी 'माझी आई' हा निबंध घातला. एकतीस वह्या आल्या. पंचवीस-सव्वीस घरांतल्या आया दिसायला सुंदर व स्वभावाने प्रेमळ निघाल्या. त्या पहाटे लवकर उठत होत्या, सर्वांच्या आवडीनिवडी जपत होत्या आणि मुलांचा अभ्यास घेत होत्या. त्या गावातल्या निम्म्या आया सकाळी आठला भांगलायला जातात आणि दिवस मावळता येतात. चौकशी केली तर 'माझी आई निबंध दहा ओळी' असा व्हिडिओ. एक ओळ येते, व्हिडिओ थांबवायचा, ओळ उतरवायची, पुन्हा चालू. आज पोरांना लिहायला शिकवणारा खरा शैक्षणिक टीव्ही हाच आहे, आणि तो रोज चालतो. साताऱ्यातही तेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्याजवळच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. रजिस्टरातली त्यांची लहानपणची सही जपून ठेवलीय. तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, निबंध स्पर्धा होतात. अशाच एका स्पर्धेचे निबंध एका वर्षी माझ्याकडं तपासायला होते. निम्म्याहून जास्त एकाच वाक्यानं सुरू झालेले, एकाच वाक्यानं संपलेले.

त्या एकतीस वह्यांत एक वही मात्र मी बाजूला काढली. दहा ओळी सगळ्यांसारख्याच. खाली अकरावी, वेगळ्या पेन्सिलीनं: 'आईच्या बोटांना चिरा पडल्यात वेणी घालताना केस आडकत्यात'. पूर्णविराम नाही, 'आडकत्यात'सुद्धा शुद्ध नाही. मी मुलीला विचारलं, ही ओळ कुठनं आणलीस? ती घाबरली, तिला वाटलं चुकलं. म्हणाली, "व्हिडिओ संपला, मग लिवली."

यात माझाही कबुलीजबाब आहे. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत असली ओळ आली असती तर मी लाल पेनानं तिचं पार वाटोळं केलं असतं. एका पोरानं तेव्हा लिहिलं होतं, 'आमची म्हस सुटली आन पप्पा तिच्या मागं पळाला आन मी बी पळालो.' मी म्हसचं म्हैस केलं, आनचं आणि केलं, बीचं सुद्धा केलं, 'पळाला'वर 'आदरार्थी!' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या वेळी त्यानं लिहिलं, 'म्हैस हा पाळीव प्राणी आहे. ती दूध देते.' एकही चूक नव्हती. म्हैस मात्र पुन्हा कधी सुटली नाही.

म्हणून मी म्हणते की पडद्यावरून पोरांना लिहितं करायचं असेल तर नीटनेटक्या पुणेरी वाक्यांचे नमुने दाखवणं आधी थांबवलं पाहिजे. पोरगं घरी जसं बोलतं तसं पहिल्यांदा लिहू दे. शुद्धलेखन लागतंच, मी काही त्याच्या विरोधात नाही, दहावीच्या पेपरात 'आन' चालणार नाही. पण ते दुसऱ्या हाताचं काम. आधी भिंत उभी राहते, गिलावा मग होतो.

आणि लिहायला कारण लागतं. अमेरिकेत १९९२ साली 'घोस्टरायटर' नावाची मुलांची मालिका आली. त्यात एक भूत आहे. ते कुणाला दिसत नाही, ते बोलत नाही, त्याला बोललेलं ऐकूही येत नाही. त्याला फक्त लिहिलेलं वाचता येतं आणि आसपासची अक्षरं हलवून उत्तर देता येतं. त्यामुळं त्या पोरांना काही कळवायचं झालं की लिहावंच लागतं. गळ्यात पेनं अडकवूनच हिंडतात. तीन हंगाम चालली, मग पैशांअभावी थांबली. भुताची कल्पना उचला असं मी सांगत नाही, आपल्याकडं भुतं कमी नाहीत. कल्पनेचा गाभा बघा. पलीकडं कुणीतरी आहे आणि लिहिल्याशिवाय त्याला कळत नाही, एवढं ठरलं की 'लिहा' म्हणून सांगावं लागत नाही.

आपल्याला याचा अनुभव नाही असं थोडंच आहे? 'सुरभि' आठवते? दूरदर्शनवर शेवटी प्रश्न यायचा आणि देशभरातून पोस्टकार्डं, तीही लाखांनी. ढीग इतका वाढला की टपाल खात्यानं स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढलं. आमच्या गल्लीतल्या, सहसा किराण्याच्या यादीपलीकडं काही न लिहिणाऱ्या बायकांनी त्या कार्यक्रमापायी पेन हातात घेतलं होतं. कार्यक्रम लेखनकौशल्याचा नव्हताच. फक्त पलीकडं कुणी वाचतंय, नाव घेतलं जाईल, एवढी आशा होती. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची शाळा दीड दिवसाची. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत त्यांनी अक्षरं जुळवली असं सांगतात. पाट्यांनी वाचायला शिकवलं असेल. लिहायला लागले ते समोर ऐकणारी माणसं होती म्हणून. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, गिरणगावातल्या सभा होत्या, उद्या रात्री म्हणायला काहीतरी हवं होतं.

यावर लोक म्हणतील, आता टीव्ही बघतो कोण? माण-खटावात या, दाखवते. मोबाईल घरात एक, तो बापाच्या खिशात, बाप कारखान्यावर. टीव्ही घरात असतो, संध्याकाळी सगळे त्याच्यापुढं असतात. दुसरे म्हणतील, आता बोललं की अक्षरं उमटतात, लिहायचं कशाला? माझ्या नातवानं परवा तसं एक पत्र 'लिहून' दाखवलं. एका श्वासात बोललेलं, एकदाही मागं वळून न बघितलेलं. त्या मुलीनं आईच्या बोटांवर येण्याआधी दहा ओळी खर्ची घातल्या होत्या, आणि पेन्सिल बदलण्याइतका वेळ ती थांबली होती. तो थांबा बोलण्यात येत नाही. तिसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा, की हे शिक्षकाचं काम, टीव्हीचं कशाला? खरंय. पण दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाईन माहिती भरणं. तिथं कुणीतरी रोज एक चांगला प्रश्न आणून दिला तर मला तो टीव्हीकडून घ्यायला कमीपणा वाटला नसता.

म्हणून मागणी अशी. सह्याद्रीनं संध्याकाळी सहा चाळीसला वीस मिनिटं द्यावीत. दोनशे वाहिन्यांच्या काळात ही काही मोठी मागणी नाही. त्यात धडा नको, गाणं नको, शाब्बास तर अजिबात नको. एक छोटी गोष्ट दाखवा, ती अर्ध्यावर सोडा आणि एक प्रश्न विचारा, असा की ज्याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही. मग गप्प बसा. टीव्हीवाल्यांना शांततेची फार भीती असते हे मला माहीत आहे. तीन सेकंद आवाज गेला की प्रेक्षक वाहिनी बदलतो म्हणतात. इथं बदलू दे की! सात वाजता कार्यक्रम संपेल, वडगावात भोंगा वाजेल, पडदा बंद होईल. मग वहीत लिहायला काहीतरी असेल. बाकीच्या गावांनी भोंगा नसला तर नुसता टीव्ही बंद करावा.

आणि आलेली पत्रं वाचायची. हे सगळ्यात खर्चिक, आणि यावरच सगळं बुडेल हेही मी ओळखून आहे. पत्रं येतील, पोती भरतील, पोती जिन्याखाली जातील. पोरगं महिनाभर वाट बघेल आणि पुन्हा दहा ओळींकडं वळेल. तसं होणार असेल तर सुरूच करू नका. पण वाचणारे नाहीत असं नाही. रोज संध्याकाळी राजवाड्याजवळ, गोलबागेच्या कडेला एकट्या साताऱ्यातले किती निवृत्त मास्तर गुडघेदुखीवर बोलत बसलेले असतात, मोजा एकदा. प्रत्येकाला आठवड्याला वीस पत्रं द्या. लाल पेन तेवढं काढून घ्या. प्रत्येक पत्राला एक ओळ उत्तर, आणि ते उत्तर म्हणजे पुढचा प्रश्न: म्हैस सुटली कशी? दावं तुटलं का कुणी सोडलं? उत्तर आलं की पोरगं दुसरं पत्र लिहिणारच, कारण दावं कुणी सोडलं हे त्याला एकट्याला माहीत आहे.

वीस पत्रं मी आजच घ्यायला तयार आहे. पहिल्या भागाचा प्रश्नही माझ्याकडं आहे, फुकट देते. तुमच्या घरातलं कुठलं दार नीट लागत नाही, आणि ते लावायची तुमच्या घरची युक्ती काय? नवीन माणसाला कळेल असं लिहा. घाई नाही, साडेआठपर्यंत वेळ आहे.